उजवीकडून उघडणारी वही

वही हातात घेतली आणि सवयीने डावीकडून उघडली. कोरी पानं लागली. उलटी करून उजवीकडून उघडली तेव्हा मजकूर सुरू झाला. जाड, दोऱ्याने शिवलेली वही, चारशेच्या वर पानं, आणि सगळीकडे उर्दू अक्षर.

"हे काय आहे मास्तर?"

"कादंबरी हाय साहेब."

"कुठल्या भाषेतली?"

"मराठी."

माझ्या शेजारी उभे असलेले पोलीस पाटील हसले. मी हसलो नाही, पण मनात म्हटलं, सापडला.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. मी परभणी जिल्ह्यात शाळा तपासनीस होतो. तपासणीला जुने लोक अजून मुआयना म्हणत. जिंतूरपर्यंत मोटारीने जायचं, पुढे बैलांच्या दमणीने. चारठाण्याच्या पलीकडे तीन कोसांवर हे गाव होतं. धनगरांची आणि कुणब्यांची घरं, चावडीला लागून एक लांबट खोली, तीच शाळा. चौथीपर्यंत चार वर्ग आणि मास्तर एकच, जाफर मास्तर.

मी गेलो तो अर्जामुळे. अर्जात लिहिलं होतं, 'मास्तर रोज शेवटच्या तासाला दार लावून पोरांना उर्दू वही वाचून दाखवतात. चौकशी व्हावी.' खाली सही, 'समस्त गावकरी'. माझ्या अनुभवात समस्त गावकरी म्हणजे नेहमी एकच माणूस असतो, आणि तो तपासनिसाला चहा पाजायला सगळ्यात आधी येतो. चहा पाटलांकडून आला होता.

त्या माणसाला हसण्यात अर्थ नाही. रझाकारीच्या दिवसांत त्या भागाने पुष्कळ सोसलं होतं. पाटील मला वाटेतच म्हणाले होते, "साहेब, मागं काय झालं ते आमी इसरलो न्हाई. दार लावून काय चाललंय ते आमाला कळाय नगं का?" यात मला चूक दिसली नाही. आजही दिसत नाही.

आमच्या धंद्यात संशय हा गुण समजतात. हजेरीपट भरलेला दिसावा म्हणून शेजारच्या गावची पोरं आणून बसवलेली शाळा मी पाहिली आहे. एका गावात तर पोरं पुस्तक उलटं धरून धडा घडाघडा वाचत होती, कारण अख्खा धडा पाठ होता. तेव्हापासून मी पिशवीत जुनं वर्तमानपत्र ठेवत असे. ते कुणी पाठ करून येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. शाळा उर्दूच्या मराठी झाल्या, पण मास्तर बहुतेक तेच राहिले. ते टेंपररी होते. तपासनिसाचा रिपोर्ट चांगला गेला तर कन्फर्म व्हायचे, नाही तर घरी. जाफर मास्तरांची मुदत त्या उन्हाळ्यात संपत होती. घरी बायको, म्हातारी आई, तीन लेकरं. म्हणजे त्या माणसाची भाकरी माझ्या पिशवीतल्या कागदावर होती आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी वहीचं मधलंच पान काढून वाचू लागलो. मला उर्दू येत होतं. त्या काळात आमच्याकडे जो शिकला तो उर्दूतच शिकला, मग तो जाफर असो की देशपांडे. दोन ओळी वाचल्या आणि थांबलो. अक्षर उर्दू, पण भाषा खरोखरच मराठी. तारा नावाची एक मुलगी गोदावरीच्या काठाने घाटामागून घाट पालथे घालत चालली होती. जत्रेत हरवलेला धाकटा भाऊ शोधत.

"छापील पुस्तक कुठं आहे?"

"परभणीच्या वाचनालयाचं व्हतं. पंधरा दिसाची मुदत. परत केलं."

"मग बाळबोधीत, देवनागरीत, का नाही उतरवलं?"

मास्तर थोडे ओशाळले. "वाचता लवकर येतं साहेब. लिवायला हात बसला न्हाई अजून. बाळबोधीत लिवलं असतं तर पंधरा दिसांत पन्नास पानं झाली नसती. उर्दूत हात पळतो."

चारशे पानं पंधरा दिवसांत. माझा विश्वास बसला नाही. मी वर्तमानपत्र काढलं आणि भराभर वाचू लागलो. "लिहा." त्यांनी टाक उचलला. मी पूर्णविरामाला थांबलो तेव्हा तेही थांबले होते. 'ळ' उर्दूत नाही. त्यासाठी त्यांनी स्वतःची खूण केली होती, लाम म्हणजे उर्दू 'ल', त्याच्या खाली दोन टिंबं. वहीतही सगळीकडे तीच.

एक शंका फिटली की तपासनीस दुसरी काढतो. मी तिसरी-चौथीची पोरं उभी केली. बावीस होती. त्या काळात चौथीतलं पोर बारा-तेरा वर्षांचंही असे. प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्र दिलं. एकोणीस जणांनी न अडखळता वाचलं. धनगरांच्या भागी नावाच्या मुलीने तर सरकारी जाहिरातही वाचून टाकली.

आता माझा संशय वाढला. वाचता न येणाऱ्याला वाचून दाखवतात हे समजू शकतं. ज्यांना येतं त्यांना कशासाठी?

"मास्तर, पोरांना वाचता येतं. मग रोजचा एक तास तुम्ही वाचण्यात का घालवता? टाइमटेबलात हा तास नाही."

"येतं ते दोन पानांचं साहेब. धडा दोन पानांत संपतो. चारशे पानं एकट्यानं वाचायला अक्षर येऊन भागत न्हाई, दम लागतो. तो दम समद्यांनी मिळून बसल्याबिगर येत न्हाई. दोन-चार महिने संगट बसले की मग एकटे बी वाचतेल."

"आणि दार का लावता?"

उत्तर द्यायच्या आधी उघड्या दारातून दोन शेळ्या आत आल्या आणि एकीने नकाशाची कड तोंडात धरली. पोरांनी त्यांना हाकललं. मी ती शंका कागदावरून खोडली.

शेवटच्या तासाला मी मागे बसलो. दार लागलं. मास्तरांनी जमिनीवर पुस्तक ठेवायची लाकडी घोडी मांडली, तिच्यावर वही ठेवली आणि ओळीखाली बोट फिरवत वाचू लागले. ही सवय मकतबात, मशिदीतल्या शाळेत, लागते. मौलवीसाहेब छडी घेऊन समोर असत, बोट चुकलं की हातावर पडायची. माझंही बोट आपोआप ओळीखाली जातं. पोरं तिन्ही बाजूंनी खेटून बसली होती, मुली उजवीकडे, मुलं डावीकडे.

त्या दिवशीच्या पानांत ताराला एक नावाडी भेटला. तो म्हणाला, "तुझा भाऊ इथं आलाच नाही. निळ्या सदऱ्याचं पोर मी पाहिलंच नाही." मास्तर पुढे वाचत गेले. इतक्यात मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "मास्तर, त्यो खोटं बोलायलाय."

मास्तरांनी वाचणं थांबवलं. "कशावरनं?"

"तिनं सदऱ्याचा रंग सांगितलाच न्हाई. ह्याला कसा ठावं?"

वर्गात वाद सुरू झाला. कुणी म्हणालं, तिने सांगितला असेल, लिहायचा राहिला असेल. कुणी म्हणालं, नावाडी पहिल्यापासूनच चोर वाटतो. भागी म्हणाली, "चोर न्हाई. भ्यायलाय त्यो." मास्तरांनी मधे तोंड घातलं नाही.

मी वहीतली मागची पानं नंतर चाळली. निळा सदरा तीसेक पानांपूर्वी एकदाच आला होता. त्या पोराने तो इतके दिवस ध्यानात ठेवला होता. खात्यात मला दहा वर्षं झाली होती, पण इतका बारीक संशय मला क्वचित आला असेल. मास्तर नंतर म्हणाले, "धड्यात असं हुत न्हाई साहेब. कुनावर शक घ्यायला येळच मिळत न्हाई, तवर धडा संपतो."

इथे मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. मला वाटलं, पोरं पढवून ठेवलेली असतील. तपासनीस येणार हे गावात आधी कळतंच.

मुक्काम चारठाण्याला केला आणि सकाळी परत आलो. चावडीपुढच्या लिंबाखाली एकेका पोराला वेगळं बोलावलं. प्रश्न एकच, आतापर्यंत काय झालं? पढवलेली पोरं शब्दही सारखे वापरतात, हे मला माहीत होतं. ही वापरत नव्हती. कुणाला जत्राच आठवत होती, कुणाला फक्त तारा उपाशी झोपली ते. पण शेवट सगळ्यांचा एकच. तारा नावाड्यापाशी उभी आहे.

भागी आली. तिने सगळं सांगितलं आणि पुढे गेली. "तिचा भाऊ त्याच नावंत हाय. मागं तोंड करून बसलाय. तिनं वळखला न्हाई."

मी वही उघडली. तसंच होतं, पण वीस पानं पुढे. ते अजून वर्गात वाचलंच नव्हतं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

तिने वहीकडे पाहिलं.

"मास्तरांनी?"

"न्हाई."

"मग?"

"मी वाचलं. दुपारच्या सुट्टीत. मास्तर जेवाय गेले का."

मी वही तिच्यापुढे धरली. तिने उजवीकडून बोट ठेवलं आणि वाचलं. सावकाश, अडखळत, पण वाचलं. पाटील माझ्या मागे येऊन उभे राहिले होते हे मला तेव्हा कळलं.

"बगा साहेब," ते म्हणाले. "मनलं न्हवतं का? धनगराच्या पोरीला उर्दू शिकवलं."

मास्तर दारात उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. ते नाटक नव्हतं. नाटकं मी पुष्कळ पाहिली आहेत.

"भागी, कुणी शिकवलं तुला?"

"कुनीच न्हाई. मी मास्तरांच्या उजवीकडं बसती. त्यांचं बोट दिसतं. तारा म्हनले का बोट कुटं असतं ते बगितलं. मग दुसऱ्या पानावर बी तसंच दिसलं. मग नाव. मग नदी." तिने वहीवर बोट ठेवून दाखवलं. "पुडं काय झालं ते कळल्याबिगर राहवंना."

मी पिशवीतून जुन्या तहसीलचा एक छापील उर्दू कागद काढला. अस्सल उर्दू. "वाच." तिने अक्षरं जुळवली. एकाही शब्दाचा अर्थ तिला लागला नाही. मग मी एका कागदावर लामखाली दोन टिंबं काढून दाखवली.

"ळ," ती लगेच म्हणाली.

ही खूण जगातल्या कुठल्याही उर्दू किताबात नाही, फक्त त्या वहीत होती. म्हणजे तिला उर्दू कुणी शिकवलेलं नव्हतं. वाचता येणारं पोर दुसऱ्याचं वाचणं ऐकता ऐकता एक आख्खी लिपी उचलून बसलं होतं. मी पाटलांना हे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असंल साहेब. पर आली ना तिला?"

वही मी पुरावा म्हणून ताब्यात घेतली. बावीस पोरं दाराशी आली. त्यांतला एक म्हणाला, "साहेब, तिला भाऊ गावतो का तेवढं सांगून जावा." मी दमणीत बसलो.

परभणीला आल्यावर मी अख्खी वही वाचली. आक्षेपार्ह काही आहे का ते पाहायचं म्हणून सुरुवात केली. शंभराव्या पानानंतर ते निमित्त राहिलं नाही. तीन दिवस मी कचेरीत दुसरं काम केलं नाही.

आमचे साहेब मुंबई इलाख्यातून आलेले, सरळ गृहस्थ. त्यांना उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं. मी त्यांच्यापुढे वही ठेवली.

"काय आहे हे?"

"मराठी कादंबरी आहे सर. लिपी तेवढी उर्दू."

"तुम्ही म्हणता म्हणून मानायचं?"

"मी पूर्ण वाचली आहे."

"तुमचं शिक्षणही उर्दूतच झालं ना?"

"हो सर."

ते वहीकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. आवाजात राग नव्हता. "आणि त्या मुलीला ही लिपी येते म्हणता. ते कागदावर आलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. काय लिहायचं ते जपून लिहा."

दहा वर्षं मी ज्या नजरेने गावोगावच्या मास्तरांकडे पाहत आलो होतो, त्याच नजरेने त्या दिवशी कुणीतरी माझ्याकडे पाहिलं. मी घाबरलो. दुसरा शब्द नाही.

रिपोर्टात मी भागीचं नाव घेतलं नाही. तेवढं बरं केलं. पण बाकीचं असं लिहिलं, 'वहीत प्रथमदर्शनी आक्षेपार्ह मजकूर आढळला नाही. मुलांचे वाचन बरे आहे.' प्रथमदर्शनी म्हणजे पहिल्या नजरेला. मी चारशे पानं शब्द न् शब्द वाचली होती. आणि बरे म्हणजे काय? जिल्ह्यात मी एवढं चांगलं वाचन दुसरीकडे ऐकलं नव्हतं. आमच्या खात्यात असे शब्द अंगावर काही येऊ नये म्हणून वापरतात. वरच्या माणसाला ते बरोबर कळतात.

जाफर मास्तरांची मुदत वाढवली नाही. कारण काहीही दिलं नाही. टेंपररी माणसाला कारण द्यावं लागत नाही.

ते मास्तर गणपत किंवा किसन असते तर मी एवढं खोदलं असतं का, हा प्रश्न मला पुढे कुणी विचारला नाही. मीच विचारला. उत्तर मला आवडलं नाही.

चार-पाच महिन्यांनी कामानिमित्त पाथरीला गेलो होतो. बाजारात एका शिंप्याच्या दुकानात मास्तर मशीनवर बसलेले दिसले. दुकान मेव्हण्याचं होतं. ते उठून उभे राहिले, स्टूल पुसून दिलं. मला बसवेना.

"मास्तर, माझ्याकडून..."

"जाऊ द्या साहेब." त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "वही कुटं हाय?"

"कचेरीत. फाइलला लावलेली."

"माज्याकडं नगं. शाळंत द्या. निम्मीच झालती. पोरं अडकून बसली असतील."

नोकरीबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी कचेरीत जाऊन फाइलमधून वही काढली. जावक बुकात नोंद केली नाही. तीस वर्षांच्या नोकरीत नियम मोडल्याची ही एकच वेळ. पुढच्या दौऱ्यात ती शाळेत नेऊन दिली. नवे मास्तर बार्शीकडचे होते. त्यांनी वही डावीकडून उघडली, उलटी केली, आणि म्हणाले, "हिचं मी काय करू?"

"ठेवा," मी म्हटलं. "भागीला विचारा."

वर्षाची तपासणी आली तेव्हा मी न कळवता गेलो. तिसरा प्रहर होता. शाळेचं दार सताड उघडं. आत भागी घोडीपुढे बसून वाचत होती. ती चौथी कधीच पास झाली होती, शाळेत नावही नव्हतं. मेंढरं बापाकडे सोपवून ती शेवटच्या तासाला येत असे. अख्ख्या शाळेत ती वही वाचता येणारी ती एकटीच होती. ज्यांना वाचता येत होतं ती बाकीची सगळी पोरं तिच्याभोवती खेटून बसली होती, नवे मास्तर त्यांच्यातच. दाराशी चौकटीला टेकून पोलीस पाटील बसले होते. मला पाहून ते उठले नाहीत, हाताने खूण केली की थांबा. मग हळूच म्हणाले, "दुसऱ्यांदा चाललंय. तिला आता भाऊ गावायला आलाय."

मी उंबऱ्यापाशी उभा राहिलो.

म्हणजे अर्जात होतं ते आता दार उघडं टाकून चाललं होतं. शेवटच्या तासाला शाळेत उर्दू वही वाचली जात होती, आणि समस्त गावकरी ऐकत बसले होते. दार लागलेलं होतं तेव्हा मी दोन दिवस चौकशी केली आणि एका माणसाची नोकरी गेली. संशय घेणं हे तपासनिसाचं कामच आहे. पण तो फिटला की फिटला असं स्पष्ट लिहिणं हेही कामच आहे, त्याला मात्र कुणी दौरा-भत्ता देत नाही.

वाचन संपल्यावर मी शेरेबुक मागून घेतलं. त्यात लिहिलं, 'मुलांचे वाचन उत्तम. वाचनाचा हा तास श्री. जाफर मास्तर यांनी सुरू केला. तो चालू ठेवावा.' सही केली, तारीख घातली. ओळी तीनच होत्या, आणि त्या एक वर्ष आधी लिहायच्या होत्या.